चपट्या तळाची होडी

मी एक शिडाची होडी बोलतेय. शीड केव्हाच फाटून गेलं, डोलकाठी कोणीतरी तोडून नेली, पण सवय जात नाही म्हणून मी अजून स्वतःला शिडाचीच म्हणवते. सव्वीस फूट लांबी आणि तळ चपटा. या तळाची मला एकेकाळी भारी घमेंड होती. मोठमोठ्या बोटी खोल पाणी शोधत फिरायच्या, तिथे मी गुडघाभर पाण्यातून अलगद निघून जायचे. आज वाटतं, मिस्त्रीने मला चारचौघींसारखा खोल तळ दिला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मिस्त्रीला ऐकू कमी यायचं. प्रत्येक फळी ठोकून तो तिला गाल लावायचा आणि गालाला जाणवणाऱ्या थरथरीवरून ती ठेवायची की परत पाठवायची ते ठरवायचा. इतकी माया लावून त्याने मला घडवलं, आणि ज्या डॉक्टरांनी बांधून घेतलं त्यांना होडी नकोच होती, नुसतं होडीवाले म्हणवून घ्यायचं होतं. दोनदा आले, फोटो काढून गेले. चार वर्षं मी ताडपत्रीखाली धक्क्यावर पडून राहिले.

मग नकाशेवाले आले. त्यांनी एकतीस वर्षं मोजणी खात्यात बसून किनाऱ्याचे नकाशे काढले होते. प्रत्येक वळण तोंडपाठ, पण पाय मात्र कधी खाऱ्या पाण्यात भिजले नव्हते. बरोबर त्यांची बायको. ती शाळेत विज्ञान शिकवायची, सगळं जग तिला बाई म्हणायचं, म्हणून मीही बाईच म्हणते. राहतं घर विकून दोघांनी मला घेतलं. त्यांची मुलगी निरोप द्यायला आली ती भांडूनच.

"आई, बाबांचं डोकं फिरलंय. तुझं तरी जागेवर ठेव!"

"अगं, आधी माझंच फिरलं," बाई म्हणाल्या. "त्यांना मी तयार केलं."

पहिला महिनाभर दोघं आळीपाळीने ओकत होती. माझ्या पोटात एक स्टोव्ह, दोन फळ्यांची झोपायची जागा आणि पुस्तकांचं एक खोकं. एकाला कूस बदलायची तर दुसऱ्याने उठून बसायचं. "लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण इतकं विचारून विचारून कधी वागलो नव्हतो," असं बाई म्हणायच्या आणि खोखो हसायच्या. हळूहळू त्यांना वारा कळू लागला, मला त्यांचे हात कळू लागले. गावं, बंदरं टाळून आम्ही खाड्यांच्या फाट्याफाट्यांतून हिंडायचो. चार-चार दिवस दुसरं माणूस दिसायचं नाही.

अशाच एका सकाळी खारफुटीच्या झाडीत एक फट दिसली. नकाशेवाल्यांनी आपला जुना नकाशा उघडला. तिथे दलदलीच्या आडव्या रेघा होत्या, त्यांच्याच हाताच्या.

"एकतीस वर्षं मी इथे थापा मारतोय," ते म्हणाले.

भरती चढली तशी मी आत शिरले. दोन्ही बाजूंनी मुळं माझ्या अंगाला घासत होती. आणि मग एकदम आभाळ उघडलं. आत एक मोठं, शांत, हिरवट पाणी पसरलं होतं. काठावर पांढरी वाळू होती आणि वाळूवर पाणमांजरांचं एक आख्खं कुटुंब अंग वाळवत पडलं होतं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आणि पळाली नाहीत. माणूस म्हणजे काय, हेच त्यांना माहीत नव्हतं.

तीन वर्षं, हवा निवळली की आम्ही तिथे जायचो आणि महिनोन्‌महिने राहायचो. बाईंनी वही ठेवली होती. कोण कधी उठलं, कोणी मासा आणला, कोणी पळवला. सगळ्यांवर डाफरणाऱ्या एका म्हाताऱ्या मादीचं नाव त्यांनी आत्याबाई ठेवलं होतं. ती माझ्या नांगराच्या दोरीला दात लावून बघायची. तिची पिल्लं माझ्याच सावलीत पोहायला शिकताना मी पाहिलीत.

पहिल्याच वर्षी बाई म्हणाल्या होत्या, "अहो, एक करा. हे कागदावर आणू नका."

"नाही आणत," नकाशेवाले म्हणाले.

पण हाताची खाज कुठे जाते? तिसऱ्या वर्षी दोरीला शिशाचा गोळा बांधून ते खोली मोजू लागले. बाई किनाऱ्यावर वही घेऊन बसलेल्या असायच्या आणि हे माझ्या कडेवरून गोळा सोडायचे. आपल्यापुरतंच, असं ते स्वतःशी पुटपुटायचे. काढलेला नकाशा इतका देखणा झाला की ते घडी न घालता नळकांड्यात ठेवायचे आणि एकटे असले की काढून बघायचे.

शहरात शिधा भरायला गेलो असताना जुन्या कचेरीतला एक सहकारी माझ्यावर चहाला आला. बाई बाजारात होत्या. नकाशेवाल्यांनी नळकांडं उघडलं. तो गृहस्थ नकाशा उजेडाकडे धरून म्हणाला, "साहेब, असं काम आता कोणाच्या हातून होत नाही. नव्या आवृत्तीत घालू. कोपऱ्यात तुमचं नाव."

एकतीस वर्षांत त्यांचं नाव कुठल्याच नकाशावर आलं नव्हतं. मी त्यांना दोष देत बसत नाही. नळकांडं त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केलं, एवढं मात्र मला ठाऊक आहे.

पुढच्या वर्षी आम्ही फटीपाशी आलो तर तिथे फट नव्हती, रस्ता होता. दोन्हीकडची झाडी कापून काढलेली. आत वाळू उपसणारे दोन तराफे घरघरत होते आणि पाणी चहाच्या गाळासारखं झालं होतं. तराफ्यावरचा मुकादम मोठा बोलका माणूस. त्याने आम्हाला दोरी टाकली, बाईंना हात दिला.

"तुम्हाला कसं सापडलं हो हे?" बाईंनी विचारलं.

"आम्ही कुठले शोधतोय? नकाशा आहे ना!" त्याने प्लास्टिकमध्ये घातलेला कागद आणून दाखवला. "देवमाणूस आहे ज्याने काढला तो. फूट न फूट खोली दिलीय. आमची निम्मी मेहनत वाचली."

बाईंनी कोपऱ्यातलं नाव वाचलं. कागद परत दिला. माझ्यावर येऊन बसल्या आणि एवढंच विचारलं, "कधी दिलात?"

"तू बाजारात गेली होतीस तेव्हा."

पुढचे अकरा दिवस बाई वल्ही मारत काठ न काठ धुंडाळत होत्या. बाराव्या दिवशी पंपाच्या जाळीत अडकलेलं पाणमांजराचं एक पिल्लू मजुरांनी काढून वाळूवर टाकलं. बाईंनी ते पुरलं. कचेरीत जाऊन तक्रार केली. नकाशात जागा आहे, परवाना आहे, मग अडचण कसली, असं तिथे त्यांना विचारलं. परत येऊन त्यांनी आपले कपडे आणि वही पिशवीत भरली.

"शिव्या दे मला," नकाशेवाले म्हणाले. "पण जाऊ नकोस."

"तुम्ही दुष्ट असता तर बरं झालं असतं हो. मला भांडता आलं असतं." आणि त्या मुकादमाच्या बोटीत चढल्या. मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर नकाशेवाले स्वयंपाक करेनासे झाले. कोरडं काहीतरी चावायचे. वाळूचे ढीग जाताना बघत बसायचे. एका दुपारी, ओहोटी लागायच्या बेताला, त्यांनी मला फटीच्या तोंडाशी आणून आडवं बांधलं आणि छिन्नी-हातोडा घेऊन माझ्या पोटात उतरले. काय करणार ते मला कळलं. बाहेरची वाट एवढी एकच होती. मी तिथे बुडाले तर जड तराफ्यांना पुढे सरकता येणार नव्हतं.

मिस्त्रीने गाल लावून पारखलेली फळी लवकर फुटेना. ते रडत होते, घाव घालत होते आणि "माफ कर गं, माफ कर" म्हणत होते. मी कधी इतक्या राजीखुशीने पाणी आत घेतलं नव्हतं. मी चिखलात बसले, वाट अडली. नकाशेवाले छातीभर पाण्यात माझी कड धरून तसेच उभे राहिले. संध्याकाळी मजुरांनी त्यांना उचललं तेव्हा ते तापाने फणफणले होते, शुद्ध नव्हती. त्यांना घेऊन एक छोटी बोट माझ्या डोक्यावरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी क्रेनचा तराफा आला. दोन तास लागले. मला ओढून बाजूच्या चिखलात टाकलं आणि काम पुन्हा सुरू झालं.

एवढीच किंमत होती माझ्या मरणाची.

आता काठ ढासळतायत. उरलीसुरली झाडं मुळांसकट पाण्यात झुकतायत. माझ्या पोटात मजूर डिझेलचे डबे ठेवतात. पाणमांजर मला दिसलेलं नाही, एकही नाही.

गेल्या महिन्यात बाई आल्या. एकट्याच, चप्पल हातात घेऊन चिखल तुडवत. केस पार पांढरे झालेत. माझ्या मोडक्या कडेवर बसल्या आणि वर्गात बोलावं तशा स्वच्छ बोलल्या.

"जगलेत ते. लेकीकडे असतात, मीही आता तिथेच असते. दिसणं कमी झालंय, बोलणंही फारसं नाही. पण सकाळी उठले की रोज एकच विचारतात, वाट बंद आहे ना? मी म्हणते, बंद आहे. मग म्हणतात, आत्याबाई आहे? म्हणते, आहे. तेवढं ऐकून जेवतात."

एवढं बोलून त्या उठल्या. खोटं बोलायची सवय नसलेलं ते माणूस.

वाचणाऱ्या माणसा, माझ्याकडून आता कोणाचंच काही भलं व्हायचं नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत मी राहीन असंही वाटत नाही. पण तुला कधी एखाद्या खिडकीशी बसलेला, कमी दिसणारा म्हातारा भेटला आणि त्याने खाडीची चौकशी केली, तर पाया पडते तुझ्या, वाट बंद आहे म्हणून सांग.