गाडी मागे घेताना

१९७९चा जानेवारी होता. दक्षिणेकडच्या डेमिंगच्या वाळवंटात त्या वर्षी इतकी थंडी पडली की सकाळी खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फ साचलेलं असायचं. मी अठ्ठावन्न वर्षांची, मर्ल बासष्टचा. नेब्रास्कातलं घर बंद करून हिवाळाभर घरगाडीत राहायचं हे आमचं तिसरं वर्ष. तीस वर्षं मर्लने धान्याचे ट्रक चालवले होते. घरगाडीच्या स्टिअरिंगला मी हातसुद्धा लावलेला नव्हता.

आमची लेक कॉनी या प्रकाराच्या विरुद्ध होती. नाताळात तिने स्पष्टच सांगून टाकलं, एक जरी अपघात झाला तरी गाडी विकायची आणि दोघांनी तिच्याकडे मागच्या खोलीत राहायला यायचं.

एके दिवशी वारा फार होता, म्हणून आम्ही घरगाड्यांच्या तळावरची आमची जागा बदलून आयडाबेलच्या गाडीच्या आडोशाला जायचं ठरवलं. आयडाबेल चौऱ्याहत्तरची, नवरा गेलेला, एकटीच गाडी घेऊन फिरायची. पाण्याची नळी गोठून काठी झाली होती, ती मर्लने गाडीतल्या मोरीत टाकली आणि गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. मी मागे उभी राहिले. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आम्हा घरगाडीवाल्यांत नवरा पुढे आणि बायको मागे, असं हातांनीच बोलतात. तळवे आपल्याकडे हलवले की ये, हातांची फुली केली की थांब. यावरून जोडप्यांची जी भांडणं होतात ती बघायला शेजारी खुर्च्या बाहेर काढून बसतात.

मी फुली केली. गाडी येतच राहिली. ओरडले, पण वाऱ्यात शब्द उडून गेले. मी बाजूला झाले आणि गाडीने नळाचा खांब पाडला. पाण्याचा फवारा अंगावर आला आणि बाह्या तिथल्या तिथे कडक झाल्या.

मी त्याला वाटेल ते बोलले. मी थांबायची खूण केलीच नव्हती, असं तो पुन्हापुन्हा सांगत होता. आयडाबेलने मागची मुख्य तोटी फिरवून पाणी बंद केलं आणि आम्हाला आत नेऊन हिरव्या मिरचीचा रस्सा वाढला. मर्लने वाटी खाली ठेवली.

मग म्हणाला, "व्हेल्डा, आरशात मला तुझा लाल कोट दिसतो. हात दिसत नाहीत."

"कधीपासून?"

"सुगीपासून. तू ओरडलीस की थांबायचो. आज ऐकू आलं नाही." मग हळूच, "कॉनीला कळलं तर सगळं संपलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. नऊशे मैल तो असाच आला होता, आणि मी शेजारी बसून लोकर विणत होते.

आयडाबेल म्हणाली, "मग ही चालवेल."

मी हसले. ती हसली नाही. "पोरी, माझा नवरा गेला तेव्हा मला डिझेल कुठून भरतात तेसुद्धा माहीत नव्हतं. उद्या जेवण झालं की ये. आणि मर्ल, तू तोंड बंद ठेवायचं."

चार दिवस कोरड्या तळ्याच्या पात्रात तिने मला शिकवलं. मर्ल शेजारच्या आसनावर मांडीवर हात घट्ट दाबून बसायचा. तोंड बंद ठेवणं त्याला एकदाही जमलं नाही. पाचव्या दिवशी मी गाडी मागे घेत जागेवर लावली. मागे मर्ल उभा होता. खांबाच्या भीतीने त्याने दहा फूट आधीच फुली केली. खुर्च्यांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच दुपारी त्याने स्वतः तळावरच्या दुकानातून कॉनीला फोन लावला. खांब पाडल्याचंही सांगितलं, डोळ्यांचंही. मग म्हणाला, "गाडी आता तुझी आई चालवते. तिला थांबवायचं असेल तर तूच ये."

कॉनी आली, पण फेब्रुवारीत. आठवडाभर माझ्यामागे बसून प्रवास केला आणि गाडी विकायचा विषय काढला नाही. आता ती निवृत्त झाली आहे, गुडघ्यांची तक्रार करते. आयडाबेल १९८५ मध्ये बहिणीकडे ॲरिझोनात वारली, झोपेत. मर्लला त्या हिवाळ्यानंतर दोन वर्षांतच काही दिसेनासं झालं होतं. तरी आणखी नऊ हिवाळे आम्ही फिरलो. मी रस्ता सांगायची, डोंगरावर बर्फ किती, पुढे ट्रक कुठला, आणि तो मला गिअर कधी बदलायचा ते आवाजावरून सांगायचा. १९९१च्या वसंतात तो गेला. गाडी मी एका तरुण जोडप्याला दिली. त्यातल्या मुलीला आधी चालवायला शिकवलं, मगच किल्ली दिली.