आकारामनं परत पाठवलेलं काम

मी लेथ बोलतोय, लोखंड कातायचं यंत्र, कोल्हापूरच्या उद्यमनगरातला, आकारामच्या वर्कशॉपातला. आवाज मोठा आहे माझा. कानाला लागला तर लागू दे!

जन्म राजकोटचा, पण आयुष्य गेलं इथंच. पंपाचे भाग कातले, गुऱ्हाळाच्या चरकाचे दांडे कातले. खंडेनवमीला आकाराम मला हार घालून पाया पडायचा, तेव्हा भरून यायचं.

समोरच्या गाळ्यात त्याचा दोस्त कृष्णात. त्याचाही लेथ. दोघांचा चहा रोज एकत्र. पण आमच्या गल्लीची एक रीत आहे. दुसऱ्याचं गिऱ्हाईक मोडायचं नाही. जीव गेला तरी नाही.

परवाच्या उन्हाळ्यात एक व्यापारी नळीचं ड्रॉइंग घेऊन आला. दुधातली साय काढायच्या यंत्राला हवी, माल परदेशी जाणार, म्हणाला. आकारामची लेक अनुजा इंजिनियर. तिनं ड्रॉइंग बघितलं आणि तिचा चेहराच उतरला.

"आबा, दुधाला एवढं कडक पोलाद कशाला? असल्या नळीत युरेनियमचा वायू गरागरा फिरवून त्यातला बॉम्बाच्या कामाचा भाग येगळा काढत्यात. त्यातनं अणुबॉम्ब व्हतो."

"आपण न्हाय केलं तर दुसरा करंल की! मोठमोठ्या देशांस्नी असलं बॉम्ब थांबवता आलं न्हाईत, ह्यो आकाराम काय थांबवणार?"

"थांबंल का न्हाय, मला ठावं न्हाय. पर उद्या कुठल्या गावावर पडला, तर त्यात आपला हात नको."

आकारामनं ड्रॉइंगची घडी घातली. मग व्यापाऱ्याला म्हणाला, "पावणं, जमणार न्हाय." शाब्बास रे पठ्ठ्या! मला वाटलं, सुटलो.

कसला सुटतोय! तो पावणा तडक समोर कृष्णातकडं गेला. आकाराम दारातनं बघत राहिला.

"आबा, काकांस्नी सांगा की," अनुजा म्हणाली.

"त्याचं गिऱ्हाईक मोडू व्हय? जळतोय म्हणतील लोक."

माझा नुसता संताप झाला. पण बंद लेथला कोण विचारतो? रोज चहा होत होता, पावसापाण्याच्या गप्पा होत होत्या आणि समोर त्या नळ्या कातल्या जात होत्या. आकारामला जेवण गोड लागेना. शेवटी एक दिवस तो समोर कृष्णातकडं गेला आणि त्यानं सगळं सांगितलं. पण माल आदल्याच दिवशी रवाना झाला होता.

कृष्णातनं आपला लेथ बंद केला. "मला दुधाचंच सांगितलं हुतं रं! तुला ठावं हुतं? रोज माझ्यासंगं च्या पितोस, आन् तोंड उघडलं न्हाईस?"

दोघं पोलिसांत जाऊन आले. व्यापाऱ्याचा पत्ता खोटा निघाला. नळ्या कुठं फिरतायत, की कुठंच नाही, देव जाणे. कृष्णात आता आमच्याकडं बघतही नाही. आकाराम मला चालू करतो, पण कामात त्याचं मन नसतं.

बाबांनो, जगातले अणुबॉम्ब थांबतील का, हे मला लोखंडाला काय कळणार? पण 'न्हाय' म्हणून आपल्याच दारात उभं राहू नका, शेजाऱ्यालाही सांगा. कृष्णात भला माणूस आहे हो. त्याला वेळेवर कळलं असतं, तर त्यानंही नाहीच म्हटलं असतं.