नियाजनं जोडलेलं फाटक

सायकलींसाठी केलेल्या वाटेवर सायकलच शिरू नये, असं फाटक जगात कुठं असेल तर ते अकोल्यात, आणि तेही नियाज वेल्डरच्या हातचं.

नाल्याच्या काठानं वाट झाली तेव्हा मोहल्ला खूश होता. दोन्ही अंगांना कडुनिंब, मधून गुळगुळीत रस्ता, थेट जठारपेठेपर्यंत. गुडघे धरून बारा महिने कण्हणाऱ्या शेजारच्या बिस्मिल्लाबीसुद्धा सकाळ-संध्याकाळ चालू लागल्या. नियाजनं तर पोरीला, तुबाला, सायकलच घेऊन दिली. मोठ्या रस्त्यावरच्या ट्रकांत तो तिला नीटच्या क्लासला एकटी सोडत नव्हता. या वाटेनं जायला मात्र एका शब्दात हो म्हणाला.

मग वाटेवर मोटारसायकलवाले घुसले. लोकांनी तक्रार केली, आणि ठेकेदारानं दोन्ही टोकांना छातीएवढं नागमोडी फाटक बसवायचं काम नियाजलाच दिलं. आता माणूस अंग चोरून जाई, सायकल अडके. कुंपणानंच शेत खाल्लं.

तुबा चार दिवस घरी बसली. परीक्षा महिन्यावर आलेली. नियाज ठेकेदाराच्या दारात तीनदा जाऊन आला. "पाहून राहिलो" एवढंच ऐकून परतला, आणि घरी येऊन तुबावरच डाफरला, की घरी बसून अभ्यास होत नाही का.

पाचव्या सकाळी त्यानं गॅसकटर हातगाडीवर घातलं आणि फाटक कापायला घेतलं. तुबा सायकल घेऊन मागं उभी. ठेकेदाराचा इंजिनिअर विपुल धावत आला.

"नियाजभाई, काय करून राहिले? ड्रॉइंगप्रमाणंच तर झालं होतं."

"ड्रॉइंग काढणाऱ्यानं कधी सायकल चालवली काय, साहेब? माह्या पोरीचे चार दिवस बुडाले."

विपुल चिडला. "बसवलं तं तुमीच. तवा दिसलं नाई काय तुमाले, का सायकल जात नाई?"

नियाजचा हात थांबला. बसवताना त्यानं फट मापली होती. सगळं दिसलं होतं. ठेकेदार पुढचं काम देणार नाही, म्हणून तो मूग गिळून बसला होता. स्वतःचाच असा संताप आला की त्याला विपुलकडे पाहवेना. तो पोरीकडे वळला.

"मले दिसलं होतं, बेटा. मी बोललो नाई."

तुबानं हँडल घट्ट धरलं. "मंग चार दिवस माह्यावर काहून ओरडत होते, अब्बा?"

नियाजनं काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ज्योत पुन्हा लोखंडाला लावली.