अंड्याच्या आतली झुंज

दौंडहून रोज पहिल्या एसटीनं शिरूरला येणारी भाग्यश्री कामाला चोख होती. कोंबड्यांचे आजार तपासणाऱ्या त्या छोट्या प्रयोगशाळेत दोन वर्षांत तिनं पहिल्यांदाच घोळ घातला. उबवणीच्या बारा अंड्यांत तिनं लसीतल्या सौम्य, जिवंत विषाणूऐवजी उष्णतेनं मारलेला विषाणू टोचला. संध्याकाळी चूक ध्यानात आली, तेव्हा घाईघाईनं त्याच अंड्यांत जिवंतही टोचला.

तीन दिवसांनी अंड्यांतलं पाणी तपासलं. फक्त जिवंत विषाणू टोचलेल्या शेजारच्या ट्रेमध्ये तो बेसुमार वाढला होता. या बारांत मात्र जवळजवळ नव्हताच!

"सुई नीट गेली नसेल," प्रयोगशाळेचे प्रमुख थोरात सर म्हणाले. "टाकून दे."

"बाराच्या बारा वेळा चुकेल का सर?"

सर थबकले. त्यांनी स्वतः पुन्हा तपासलं आणि खुर्ची ओढून बसलेच. "अगं, मेलेल्या विषाणूनं पेशी सावध झाल्या. त्यांनी शेजारच्या पेशींना इशारा धाडला. त्याला इंटरफेरॉन म्हणतात. पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी आज पाहतोय."

त्याच आठवड्यात इनामगावचे म्हाळूआप्पा पोत्यात तीन मेलेल्या कोंबड्या घेऊन आले. "सांच्याला दाणं टिपत व्हत्या. सकाळी बघतो तर माना वाकड्या!"

सरांनी राहिलेल्या कोंबड्यांना लस द्यायला सांगितलं. भाग्यश्रीनं मात्र मेलेल्या कोंबड्यांतला विषाणू वेगळा काढला. हा लसीतल्यासारखा सौम्य नव्हता. तरी तिनं मोठ्या भरवशानं नव्या बारा अंड्यांत सकाळी मेलेला आणि संध्याकाळी हा जिवंत विषाणू टोचला. दोन दिवसांत बाराही पिल्लं अंड्यातच मेली.

तिचा चेहरा पडला.

"हा वस्ताद आहे," सर म्हणाले. "याच्याकडे एक प्रथिन असतं. पेशीत शिरला की इशाराच दाबून टाकतो."

भाग्यश्री एकदम ताठ झाली. "म्हणजे शिरल्यावर दाबतो ना? मग इशारा त्याच्या आधीच सगळीकडे पोचलेला असला तर? सर, मी वेळच कमी दिला! सकाळ-संध्याकाळ नको, पुरता एक दिवस देऊन बघू."

"बघ की. अंडी आहेत."

या वेळी तिनं बारा-बारा अंड्यांचे दोन ट्रे लावले. एकात आदल्या दिवशीच मेलेला विषाणू टोचला, दुसऱ्यात काहीच नाही. मग दोन्हींत आप्पांच्या कोंबड्यांचा विषाणू. तिसऱ्या दिवशी म्हाळूआप्पा लसीचं विचारायला आले, तेव्हा ती खोलीत अंधार करून एकेक अंडं दिव्यापुढं धरत होती. दुसऱ्या ट्रेतली सगळी काळी, निपचित. मग पहिला ट्रे. पहिलं अंडं मेलेलं. दुसरंही. तिसरं धरलं आणि ती ओरडलीच, "सर! हलतंय!"

लालसर उजेडात शिरांचं जाळं लखलखत होतं आणि मधोमध इवलंसं पिल्लू उसळी घेत होतं. बारांतली सात जिवंत निघाली.

आप्पांनी डोळा बारीक करून पाहिलं. "ह्यात बी त्योच रोग हाय?"

"तोच, आप्पा. तुमच्या कोंबड्यांचाच."

"आन् हे तगलंय?"

"आजपर्यंत तरी!" भाग्यश्री हसत म्हणाली. "उद्या त्यानं दुसरी काही युक्ती काढली तर ठाऊक नाही."

थोरात सरांनी खिडकीचा पडदाही उघडू दिला नाही. "थांब, थांब. मला अजून एकदा दाखव," म्हणत त्यांनी तिच्या हातातलं अंडं घेतलं.