बारा हातांचं अंतर

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. जाजम म्हणू नका, मला राग येतो. लाल-निळ्या पट्ट्यांची आणि चांगली बारा हात लांब. बीडकडच्या एका हातमागावर मला विणलं आणि शांताबाईंच्या वडिलांनी मला लेकीच्या लग्नात दिलं. शांताबाई आणि सीताराम यांच्याबरोबर मी साकीनाक्याच्या चाळीत आले.

तेव्हापासून चाळीतलं एकही कार्य माझ्याशिवाय झालं नाही. बारसं असो, साखरपुडा असो की जयंतीची वंदना, माणसं माझ्यावर मांडीला मांडी लावून बसायची. माझ्यावर किती वेळा आमटी सांडली, त्याची गणतीच नाही. शांताबाईंच्या थोरल्या तेजलनं पहिलं पाऊल टाकलं तेही माझ्यावरच, आणि लगेच धपकन बसली.

साथ आली तेव्हा ही तेजल सरकारी रुग्णालयात नर्स होती. घरात खोली एकच आणि सीतारामना दमा. म्हणून ती नर्सांच्या वसतिगृहातच राहू लागली. पंधरा दिवसांनी एकदा, सुट्टीच्या सकाळी, ती बाहेरच्या जिन्यानं चाळीच्या गच्चीवर यायची. शांताबाई मला अंथरायच्या. एका टोकाला आईबाप, दुसऱ्या टोकाला लेक. माणसांना जवळ बसवण्यात माझा जन्म गेला होता, आणि आता माझीच लांबी त्यांना दूर ठेवत होती. फार वाईट वाटायचं मला.

जुलैत तेजलचा धाकटा भाऊ प्रबुद्ध बारावीला पहिल्या वर्गात पास झाला. शांताबाईंनी पेढा उचलला आणि सवयीनं थेट लेकीकडे निघाल्या.

“आई, थांब! पुढं येऊ नको!” तेजल ओरडली.

“अगं, पेढा भरवतेय ना फक्त.”

“तिथंच ठेव. आमच्या वॉर्डात काय चाललंय, तुला काय सांगू यार!”

शांताबाईंनी पेढा कागदावर ठेवला, माझ्या बरोबर मधल्या पट्ट्यावर, आणि मागं सरकल्या. तेजलनं तो उचलून खाल्ला. “झकास आहे,” म्हणाली, पण रडत रडतच.

वर्ष मात्र कुणासाठी थांबलं नाही. सीताराम तीस वर्षांची लेथची नोकरी करून निवृत्त झाले. वर्कशॉपमधल्या मंडळींनी फोनवरून टाळ्या वाजवल्या. दिवाळीनंतर मिथुन आला. हा तेजलच्याच रुग्णालयात लॅब टेक्निशियन. मुलगा बघायचा कार्यक्रमही गच्चीवरच झाला.

“ऐकू येतंय का रे?” सीतारामनी या टोकावरून विचारलं.

“येतंय ना, काका. अख्ख्या चाळीला येतंय!”

सगळे पोटभर हसले. त्या दिवशी मला जुने दिवस आठवले. प्रत्येक भेटीच्या शेवटी ही माणसं आपापल्या जागी हात जोडून वंदना म्हणायची. मग शांताबाई म्हणायच्या, “सगळी दिसलो एकमेकांना, बास झालं.” पण बास झालेलं नसायचं. तेजल जिना उतरून गेली की त्या तिच्या टोकाला जाऊन बसायच्या आणि ती बसली होती तिथं हात फिरवायच्या. मित्रांनो, तो हात मला उद्देशून नव्हता, हे मला कळत होतं.

मार्चमध्ये गच्चीवरच लग्न लागलं, मोजक्या माणसांत. तेजलच्या दोन्ही लसी झाल्या होत्या, तपासणीही चांगली आली होती. तरी पप्पांच्या दम्याच्या काळजीनं ती दिवसभर लांबच राहिली. निघायची वेळ झाली. मिथुन जिन्यापाशी थांबला होता. तेजल दोन पावलं गेली, वळली आणि माझ्यावरून धावत आली ती थेट आईच्या गळ्यात पडली.

शांताबाईंचा हात तिच्या पाठीवरून फिरला आणि थबकला. “अगं, हाडं लागतात की हाताला! केवढी वाळलीस गं!”

वर्षभर दर पंधरा दिवसांनी बघत होत्या, पण लांबून ते कळलंच नव्हतं. आणि कळलं तेव्हा लेक सासरी निघाली होती.

हल्ली चाळीत भाड्याच्या खुर्च्या येतात. मी माळ्यावर असते. वर्षातून एकदा मला ऊन दाखवलं तर माझे धागे अजून बरीच वर्षं टिकतील. पण माझं राहू द्या. मित्रांनो, आज घरी गेलात की आईच्या अगदी जवळ जाऊन बसा. मला अंथरलं नाही तरी चालेल.