सातव्या फेरीनंतर

"तुझं नाव सांग, पोरा. नाव सांग तुझं."

चेमा वस्तादांना मातीआड होऊन नऊ हिवाळे उलटले होते, आणि जगज्जेतेपदाच्या त्या लढतीला तर पंचवीस. पण तो घोगरा आवाज इलारिओ बोहोर्केसच्या कानातून गेला नव्हता. मानेवर ठेवलेली बर्फाची पिशवी, तोंडाशी आलेला तंबाखूचा वास, आणि तो एक प्रश्न. सकाळी दाढी करताना तो ऐकू आला, की इलारिओ नळ मोठा सोडायचा. पाण्याच्या आवाजात तेवढंच बुडून जायचं.

नावोहोआ गावात इलारिओला कोण ओळखत नव्हतं! मुष्टियुद्धाचा जगज्जेता. तालमीच्या भिंतीवर त्याचं दोन पुरुष उंचीचं चित्र. गाव त्याला 'मेस्किते' म्हणायचं. तालमीच्या अंगणातल्या त्या नावाच्या झाडासारखाच तो काटेरी, चिवट, पाण्यावाचून उभा राहणारा. पनामाच्या डावखुऱ्याला त्यानं बाराव्या फेरीत लोळवलं तो चौदा नोव्हेंबर गल्लीत सणासारखा पाळला जाई. तालमीच्या अंगणात मोठं पातेलं चढे, त्यात शेपटीचं मटण, घेवडा आणि मका रटरटत राही. त्याची बायको एदेल्मिरा हातावर फिरवून फिरवून ओढणीएवढी पातळ पोळी, तोर्तिया, करी. मग इलारिओ खुर्चीवर उभा राहून बाराही फेऱ्या सांगे, आणि गिटारवाले मध्येच सूर धरत:

सातव्या फेरीला पडला भुईला, आठव्याला उभा राहिला,
नावोहोआच्या मेस्कितेचा काटा साऱ्या जगानं पाहिला!

हे गाणं ऐकतच निदिया योकुपिसियो मोठी झाली. पीठगिरणीत पोती शिवणारी बावीस वर्षांची पोर, इलारिओची सगळ्यात गुणी चेली. आई लवकर गेली, म्हणून सकाळची न्याहारी एदेल्मिराच्या चुलीपाशीच व्हायची. यंदाच्या चौदा तारखेला गुरुवार होता, आणि शनिवारी निदिया देशाच्या अजिंक्यपदासाठी लढणार होती. गल्लीनं फटाके आधीच आणून ठेवले होते.

मंगळवारी सरावात तिच्या कानशिलावर एक ठोसा बसला. पडली नाही, हसली. थोड्या वेळानं बाकावर बसून हाताला पट्टी गुंडाळू लागली. मनगट, तळवा, बोटांच्या बेचक्या. डावा हात झाला. मग तिनं दुसरी पट्टी घेतली आणि त्याच डाव्या हातावर पुन्हा गुंडाळू लागली.

इलारिओ तिच्याजवळ गेला.

"निदिया, उजवा हात घरी ठेवून आलीस काय गं?"

तिनं दचकून हाताकडं पाहिलं. "लक्ष नव्हतं, वस्ताद."

"डोकं दुखतंय?"

"छे! तुम्ही नाही का, सातव्या फेरीत पडलात आणि उठून पाच फेऱ्या खेळलात? मी तर पडलेसुद्धा नाही."

 यावर इलारिओकडं उत्तर होतं, पण ते द्यायचं तर भिंतीवरचं ते चित्र उभं राहणार नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं जेवणाचं ताट दूर सरकवलं. एदेल्मिरा परातीतलं पीठ मळतच म्हणाली, "आज सरावावरून आल्यावर पोरीनं माझ्याकडं तीनदा मीठ मागितलं. तीनदा, म्हाताऱ्या. मीठ तिच्यासमोर होतं."

"शनिवारचा ताण असेल."

"ताण! लढू द्यायला डॉक्टर शिक्का मारतील?"

"मारतील. डोळ्यात बॅटरी मारतात, नाव विचारतात, झालं."

"नाव विचारतात!" एदेल्मिरानं पीठ परातीवर आपटलं. "त्या लढतीनंतर दवाखान्यात डोळे उघडलेस तेव्हा मला काय म्हणाला होतास, आठवतं? तेही नसेल आठवत. म्हणालास, 'बाई, तुम्ही कोणाच्या?' लग्नाला चार महिने झाले होते आपल्या! मग ती रेडिओची कॅसेट आणलीस. फिरवून फिरवून ऐकलीस, सातवी फेरी, आठवी, नववी, शाळेच्या पोरासारखी पाठ केलीस. मी गप्प राहिले. म्हटलं, पुरुषाची अब्रू आहे, राहू दे."

"मग आता का बोलतेस, म्हातारे?"

"कारण आता ती अब्रू एका पोरीच्या डोक्यावर ठेवलीये तू! वार सोसला की आपण टाळ्या वाजवतो. दुखलं म्हणणाऱ्याला भित्रा म्हणतो. मग दुखलं हे सांगणार कोण? तू तिला रिंगच्या कोपऱ्यात काय शिकवलंस ते ती विसरेल एखाद वेळ. खुर्चीवर उभा राहून जे सांगतोस ना, ते नाही विसरणार."

"खरं सांगितलं तर माझ्यापाशी उरेल काय, एदेल?"

तिनं पिठाचे हात त्याच्या गालांना लावले. "सहा फेऱ्या उरतील. त्या तुझ्या आहेत. आणि ती पोर उरेल."

बुधवारी इलारिओ निदियाला म्हणाला, "शनिवार सोडून दे." ती हसून म्हणाली, "वस्ताद, तुम्ही सोडला असतात?" आणि दोरीवरच्या उड्या मोजत राहिली. त्याच क्षणी त्याचं ठरलं.

गुरुवारी अंगण भरलं. पातेल्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. खाटीक तोलोमेओ पहिल्याच ओळीत वाडगा घेऊन बसला होता. निदिया मेस्कितेच्या बुंध्याला टेकून उभी होती. इलारिओ खुर्चीवर चढला. पहिली फेरी सांगितली, दुसरी सांगितली. पोरं सोबत घोकत होती. सहावी संपली. गिटारवाल्यांनी सूर धरला, "सातव्या फेरीला पडला..."

इलारिओनं हात वर केला. "गाणं थांबवा."

"अरे, म्हातारा विसरला की!" तोलोमेओ ओरडला. "थांब मेस्किते, सातवी मी सांगतो!" हशा पिकला.

"तूच सांग, तोलोमेओ," इलारिओ म्हणाला. "तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तू रेडिओवर ऐकलीस ती तेव्हाच. मी नंतर ऐकली, कॅसेटवर."

हसू एकेकाच्या ओठांवर विझत गेलं.

"सहावीनंतर मी कोपऱ्यात बसलो. चेमा वस्तादांनी विचारलं, तुझं नाव सांग. मला सांगता आलं नाही! तोंड उघडलं, पण नाव नव्हतंच आत. तेव्हा त्यांनीच माझ्या कानात सांगितलं, 'तू इलारिओ बोहोर्केस. ऊठ, जा.' मी गेलो. त्यानंतर काय झालं ते मला ठाऊक नाही. पडलो ते नाही, उठलो ते नाही, जिंकलो तेही नाही. पट्टा कमरेला कोणी बांधला, आठवत नाही. पंचवीस वर्षं मी तुम्हाला दुसऱ्याची गोष्ट सांगत आलो."

 तोलोमेओनं वाडगा खाली ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"चेमा वस्ताद वाईट नव्हते," इलारिओ पुढं म्हणाला. "त्यांनाही हेच शिकवलं होतं की उभा राहतो तो मर्द. मी ते पुढं शिकवणार नाही. या तालमीत आजपासून, जो 'दुखतंय' म्हणेल त्याला कोणी हसायचं नाही. ठोसा सोसायला ताकद लागते, ती इथं सगळ्यांकडं आहे. 'मला बरं वाटत नाही' म्हणायला त्याहून जास्त लागते. माझ्याकडं ती पंचवीस वर्षं नव्हती!"

वाचकहो, शनिवारी काय झालं ते इथंच सांगून टाकतो, उगीच जीव टांगणीला नको. त्या दिवशी रिंगमध्ये निदियाचं नाव पुकारलं गेलं नाही. दवाखान्यात तपासण्या झाल्या, वर्षभर डोक्याला धक्का लागू द्यायचा नाही असं बजावलं गेलं, फटाके माळ्यावर गेले. ती पुन्हा लढेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. मात्र पोत्यांची शिवण ती आजही सरळ घालते, आणि तालमीतल्या लहान मुलींना पट्टी बांधायला शिकवते, दोन्ही हातांना. आपल्या घरातही कोणी तरी असंच हसत 'काही नाही' म्हणत असेल. त्याच्या सहनशक्तीचे गोडवे गाण्याआधी आपण त्याच्याजवळ बसावं, विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत उठू नये. शूर माणसालाही दुखतं, आणि ते बोलून दाखवण्यात त्याचं शौर्य कमी होत नाही.

पण खरी गोष्ट त्या अंगणातच संपली.

इलारिओ खुर्चीवरून उतरला आणि गर्दीतून वाट काढत मेस्कितेपाशी गेला. निदियाच्या मुठी आवळलेल्या होत्या, हनुवटी छातीशी, जशी त्यानंच तिला शिकवली होती.

"तुझं नाव विचारत नाही, पोरी," तो हळू म्हणाला. "ते मी तुझ्या कानात सांगणारही नाही. फक्त एवढं सांग, आज सकाळी एदेल्मिराच्या चुलीपाशी काय खाल्लंस?"

निदियानं एदेल्मिराकडं पाहिलं. चुलीकडं पाहिलं. मग भिंतीवरच्या त्या उंच चित्राकडं. मुठी सुटल्या.

"आठवत नाही, वस्ताद," ती म्हणाली. "मंगळवारपासून मला काहीच नीट आठवत नाही."