उलट्या हाताचा कोल्हा

आमची इतोहा चार वर्षांची, पण जीभ चाळिशीची. तिचा बाप सेइगो सेंदाईहून महिन्यातून एकदा दोन दिवस घरी येतो, तर या बाईसाहेब दारात उभ्या राहून म्हणतात, "या, या. दमला असाल." आणि कपाटातून पाहुण्यांसाठी ठेवलेल्या निळ्या सपाता काढून त्याच्यापुढे मांडतात. त्याच्या स्वतःच्या, पायाचा आकार घेतलेल्या लोकरी सपाता खालच्या कप्प्यात धूळ खात पडलेल्या असतात. मी त्या काढायला वाकले की सेइगो म्हणतो, "राहू दे. तिनं मांडल्यात ना." आणि निमूट निळ्या घालतो.

कंपनीनं बदली केली, म्हणून बायकामुलं तोत्तोरीत ठेवून नवऱ्यानं एकट्यानं परगावी राहायचं. आमच्याकडे जपानात घरोघरी हीच तऱ्हा. पण घरोघरच्या मुली बापाला "दमला असाल" म्हणत नाहीत हो!

त्यात बालवाडीची चिठ्ठी आली. शनिवारी बाबा लोकांनी यायचं आणि मुलांबरोबर हातवारे करत गाणं म्हणायचं. गाणं तिथल्या शिक्षिका ओगिनोबाईंनीच रचलेलं. उजव्या हाताच्या बोटांचा कोल्हा करायचा, डाव्याचा बेडूक, आणि ज्याची पाळी त्याच्या बाजूला कलायचं. इतोहानं लगेच निकाल दिला, "आजोबांना नेऊ. बाबांना नाही येत."

संध्याकाळी फोनवर मी हे सेइगोला सांगितलं. तो म्हणाला, "शिकव."

झालं! रोज जेवणं उरकली की मी फोन सोयासॉसच्या बाटलीला टेकवून उभा करायची आणि म्हणायची,

"डोंगरावरनं कोल्हा आला, कलला बाई कलला,
ओढ्यामधनं बेडूक आला, टुणकन बाई हलला!"

पलीकडे कंपनीच्या खोलीत हा पन्नाशीकडे झुकलेला माणूस बोटांचा कोल्हा करून डुलायचा. इतोहा आमच्याकडे पाठ फिरवून चित्रं रंगवत बसायची, जसं काही तिला ऐकूच येत नव्हतं.

"शेजारचा भिंतीवर ठोकतोय गं," सेइगो एकदा म्हणाला.

"तालात ठोकतोय का?"

"तुझ्यापेक्षा बरा."

शुक्रवारपर्यंत त्याचं एक बोट इकडचं तिकडे होत नव्हतं. मी म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

शनिवारी बालवाडीच्या सभागृहात सगळे बाप आपापल्या पोराशेजारी एका रांगेत मांडी घालून बसले. आम्ही आया मागे. सेइगोच्या डाव्या हाताला इतोहा, उजव्या हाताला खेकड्यांचे व्यापारी सावादा, अंगानं म्हणजे भिंतच. ओगिनोबाईंनी पियानो सुरू केला. कोल्हा आला, सगळी रांग उजवीकडे कलली आणि माझा नवरा डावीकडे! त्याचं डोकं इतोहाच्या डोक्यावर खाडकन आपटलं. बेडूक आला, सगळे डावीकडे, हा उजवीकडे. सावादांच्या खांद्यावर आपटून परत आला.

"अहो, वाट चुकलात का?" सावादा म्हणाले आणि अख्खं सभागृह खो खो हसलं.

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. मी फोनमध्ये त्याच्यासमोर बसायची! माझा उजवा हात वर, तर त्यानं समोरचा म्हणून डावा उचलला. आठवडाभर मी माझ्याच नवऱ्याला आरशातलं गाणं शिकवलं होतं. अगं बाई, कुठं तोंड लपवू असं झालं मला.

इतोहा कपाळ चोळत होती. तिचे डोळे भरले होते. "उलटं करताय तुम्ही!"

सेइगोनं हात मांडीवर ठेवले. हळूच म्हणाला, "हो गं. चुकलं. आजोबांनाच आणायला हवं होतं." दोनदा गाडी बदलून, रात्रभर प्रवास करून आला होता तो माणूस.

ओगिनोबाई म्हणाल्या, "पुन्हा एकदा!"

इतोहा बापाकडे बघत राहिली. "रोज आईला बघून शिकलात ना?"

"हो."

ती उठली. रांग मोडून, बाईंकडे पाठ करून त्याच्यासमोर मांडी घालून बसली. "मग आता मला बघ."

कोल्हा आला. तिचा उजवा हात, त्याचा डावा. दोघं एकाच बाजूला कलले. बेडूक आला, दोघं दुसरीकडे. कोल्ह्याला कोल्हा भिडला, बेडकाला बेडूक, आणि माझी पोर अशी खदखदून हसली की मीच रडायला लागले. सावादांना मात्र शेवटपर्यंत खांद्यावर धक्के खावे लागले.

घरी आलो तर इतोहा आमच्या आधी आत पळाली. चपलांच्या कपाटात कमरेपर्यंत घुसली. निळ्या सपाता तिनं बाजूला सारल्या, खालच्या कप्प्यातल्या लोकरी बाहेर ओढल्या, फुंकर मारून धूळ उडवली आणि बापापुढे मांडल्या. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे.

"अगं, उलट्या लावल्यास," मी म्हटलं.

"माहितीये," ती म्हणाली. "माझ्या बाबाला उलटंच जमतं."

सेइगोनं त्या तशाच घातल्या आणि झोपेपर्यंत सरळ केल्या नाहीत.